धनेशनाथांची नादशिळा

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास करी रोडच्या श्रमसाफल्य टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, कांदळगावकरांच्या दारात सत्तेचाळीस चपला होत्या. सत्तेचाळीस ही संख्या चपलांना शोभत नाही हे खरं, पण त्या गर्दीत अठ्ठेचाळिसावी कुठे गेली हे शोधायला कुणाला सवड नव्हती. आत चमत्कार चालू होता.

हॉलमध्ये सोफ्यावर सहा जण, सोफ्याच्या हातांवर दोन, बाकीचे जमिनीवर मांडीला मांडी लावून. सगळ्यांचे डोळे मिटलेले. घरात नव्या बसवलेल्या होम थिएटरच्या पाच स्पीकरांतून पेन ड्राइव्हवरची बासरी वाजत होती आणि समोर मोरपंखी झब्बा, डोक्याला फेटा, गळ्यात स्फटिकाची माळ अशा थाटात ध्वनिमहर्षी धनेशनाथ उभे होते. त्यांनी तांबड्या कापडात बांधलेला एक काळा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि ॲम्प्लिफायरवर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या त्या काळ्या डब्यावर, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा ठेवला. कापडाचं टोक डब्याच्या तोंडावर लोंबलं.

"आता ऐकू नका," महर्षी म्हणाले. "आता प्या."

आणि बासरी खरोखर बदलली. भरली, जवळ आली. मागचा तबला आतापर्यंत पाहुण्यासारखा दारात उभा होता, तो आत येऊन बसला.

"आईशप्पथ," बाराव्या मजल्यावरचे दत्ताराम म्हणाले. "बदललं."

"माझ्या इथे आली बासरी, इथे," घरची सून प्रिती नाकासमोर बोट धरून म्हणाली.

तीन महिने या यंत्राशी झुंजून थकलेल्या घरमालक दीपकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याचं असं झालं होतं. दीपकने हौसेने पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा सगळा सरंजाम आणला आणि स्वतःच बसवला. पण नायक-नायिका बोलायला लागले की ते विहिरीतून बोलल्यासारखे वाटायचे, आणि मारामारी सुरू झाली की तेराव्या मजल्यावरची भांडी हलायची. मग संवादाला आवाज वाढवा, बंदुकीला कमी करा, असं करत सिनेमाभर प्रितीचा अंगठा रिमोटवर. आवाज अडतीसच्या वर गेला की खालचे बेल वाजवायचे, म्हणून दीपक बरोबर अडतीसवर ठेवायचा आणि कुढत बसायचा. शेवटी दत्तारामांनी महर्षींचं नाव सुचवलं. दत्तारामांच्या घरी तर अशा दोन शिळा होत्या, एक टीव्हीसाठी आणि एक मिक्सरसाठी.

"पाच पॉइंट एक," धनेशनाथ आता प्रवचनाच्या सुरात आले. "कंपनीवाले लिहितात, पण त्यांना अर्थ ठाऊक नाही. पाच स्पीकर म्हणजे पंचप्राण. सबवूफर म्हणजे मूलाधार. तुमचा मूलाधार कोंडलाय, दीपकराव. आणि तो पॉइंट? पॉइंट म्हणजे बिंदू. बिंदू म्हणजे ब्रह्म."

"म्हणजे वॉरंटी कार्डावर ब्रह्म लिहिलंय?" दीपकच्या अकरावीतल्या मुलीने, पूर्वीने, विचारलं.

"पूर्वी," प्रिती म्हणाली. त्या एका शब्दात पूर्ण धमकी होती.

त्या हॉलमध्ये उघडे डोळे दोनच जणांचे होते. एक पूर्वी. दुसरे तिचे आजोबा, गणपत कांदळगावकर, कोपऱ्यातल्या आपल्या दिवाणावर पाय वर घेऊन बसलेले. वय अठ्ठ्याहत्तर. बत्तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढलेली. शेकडो साचे, म्हणजे कापड विणणारे माग, एकदम धडधडायचे त्या खात्यात, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून साचेवाले एकमेकांचे ओठ वाचायचे. चार साच्यांपलीकडच्या माणसाशी गप्पा, थट्टा, भांडण, सगळं बिनआवाजाचं. गिरणी गेली, जाताना आजोबांचे कान घेऊन गेली, पण ती विद्या राहिली. त्यांनी ती पूर्वीलाही शिकवली होती. आईने लपवलेला खाऊ कुठल्या डब्यात आहे याची देवाणघेवाण आजोबा-नात आईच्या डोळ्यांदेखत करत, आणि आईला पत्ता नसे.

आज मात्र धनेशनाथांची पाठ दिवाणाकडे होती, म्हणून आजोबांना नुसता फेटा दिसत होता. तो वळला आणि थेट त्यांच्याकडेच आला.

"यांना ऐकू येत नाही ना?"

"कमी येतं," दीपक म्हणाला. "गिरणीत होते."

महर्षींनी डोळे मिटले, दिवाणावरच्या जाड कापसाच्या गादीवर हात फिरवला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. "इथे मरतोय तुमचा नाद. ज्या कानात नाद शिरत नाही, त्याच्यावर तो आपटतो आणि गतप्राण होतो. ही गादी नव्हे, हे नादाचं स्मशान आहे. शिळा मी आज परत नेतो. पुढच्या रविवारी कायमची स्थापना करीन, पण त्याआधी हा कोपरा मोकळा हवा. खाट आणि खाटेवरचं, दोन्ही. निदान तीन महिने."

शिळा उचलली गेली. बासरी पुन्हा दाराबाहेर गेली. गर्दीने हळहळून दीपककडे पाहिलं, आणि दीपकने होकारार्थी मान हलवली.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा त्या घरात हॉलमधून निघालेल्या माणसाला दुसरी जागा नव्हती. दीपकने विरारला बहिणीला फोन केला, सुनेत्राला, की बाबांना पुढच्या सोमवारी तुझ्याकडे पाठवतो, तेवढाच हवापालट. मग त्याने ते वडिलांना सांगितलं. पण सांगताना तो खाली फरशीकडे बघत होता, त्यामुळे आजोबांना एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणालो गो तो?" त्यांनी पूर्वीला विचारलं.

पूर्वीने ओठ हलवून सांगितलं. तिला रडू येत होतं, तरी तिने शब्द नीट हलवले.

सतराव्या वर्षी आजोबा कोकणातून याच जागेवरच्या चाळीत काकांच्या खोलीत आले होते. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, पण जमीन तीच होती. खाली त्यांचे चार जुने सोबती रोज संध्याकाळी बाकावर बसत, त्यांच्याशीही ते बिनआवाजाचं बोलत. विरारला त्यांचे ओठ वाचणारं कोण होतं? त्यांना फार वाईट वाटलं, आणि राग त्याहून जास्त आला. मुलाचा नव्हे, दगडाचा.

दुसऱ्याच दिवशी दिवाण उभा करून पॅसेजमध्ये ठेवला गेला. गादी गुंडाळून त्यावर. आजोबांची पथारी स्वयंपाकघरात. हॉल मोकळा झाला आणि दीपकने मोठ्या आशेने सिनेमा लावला.

"बघ, आवाजात कसा मोकळेपणा आलाय," तो म्हणाला.

पूर्वीने हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी एक, आवाज दीड. "पप्पा, घुमतंय. आधी नव्हतं घुमत."

"तोच तर मोकळेपणा."

"मोकळेपणा नाही, बाथरूम झालंय आपल्या हॉलचं."

"तुला नाय समजणार ते," दीपक म्हणाला, आणि नायिका काय म्हणाली ते त्यालाही समजलं नाही.

मग रविवार उजाडला. या खेपेला चपला लिफ्टपर्यंत पोचल्या. धनेशनाथांबरोबर त्यांच्या शिष्या रश्मीताई होत्याच. गेल्या वेळेसारख्या त्या मागच्या भिंतीला टेकून मोबाइलवर सोहळा टिपणार होत्या. थेट प्रक्षेपण करायचं म्हणून घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी मागितला होता आणि प्रितीने तो कागदावर लिहून, वर हळदकुंकू लावून दिला होता. रिमोट एका ताटलीत तांदळावर ठेवून, ती ताटली ॲम्प्लिफायरच्या पायाशी मांडली होती. "मानवी हात नको," महर्षींनी बजावलं होतं.

दिवाण गेल्यामुळे आजोबांना बसायला जागा उरली नव्हती. प्रितीने त्यांना स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून दिलं. "बाबा, इथे बसा, मध्ये येऊ नका." वाय-फायचा डबा त्याच दारावर, त्यांच्या डोक्याशी. ॲम्प्लिफायर त्यांच्यापासून तीन हातांवर.

तर झालं असं, की या रविवारी महर्षी लोकांकडे पाठ करून ॲम्प्लिफायरवर वाकले, तेव्हा त्यांचं तोंड बरोब्बर गणपत कांदळगावकरांकडे झालं. महर्षींनी एकदा बघितलं, म्हातारा बहिरा आहे हे आठवलं, आणि निर्धास्तपणे मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. बासरी चालू होती, तिच्याखाली पुटपुटणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

आजोबांनी ओठ वाचले.

"ॐ नादब्रह्माय नमः. दोन वर."

बासरी भरली. हॉलमधून एक सामुदायिक उसासा निघाला.

"ॐ शब्दब्रह्माय नमः. अजून एक. काच वाजायला लागली, बस, बस."

आजोबांनी डोळे बारीक केले. फेट्याखालून, डाव्या कानात, बिनतारी इअरफोनचं एक पांढरं बोंडूक डोकावत होतं. त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. रश्मीताईंच्या कानातही तसंच बोंडूक, आणि सोहळा टिपणाऱ्या त्यांच्या मोबाइलवर अंगठा खालीवर सरकत होता. साच्यावर एक धागा तुटला तर दहा हातांवरून दिसायचा या माणसाला. हे तर नाडं होतं.

बाल्कनीच्या दाराशी पूर्वी उभी होती. मधे पन्नास माणसं. आजोबांनी ओठ हलवले. "हो महाराज मंत्रात सांगता, दोन वर. ती बाई मोबाइलवरून करता."

पूर्वीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने ते वापरलं. "आजोबा, तुमच्या डोक्याशी वाय-फायचा डबा आहे ना, हिरवे दिवे? मोबाइलचा हुकूम त्यातूनच जातो. त्याचं बटण. मी मान हलवली की बंद करा."

"शॉक बसात?"

"नाही बसणार."

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "महाराज, माझे डोळे मिटायचेच राहिले. शिळा एकदा उचलून परत ठेवाल?"

नास्तिक शरण आल्याचा आनंद महर्षींना लपवता आला नाही. त्यांनी कापडाची गाठ सोडून शिळा उचलली, कापड मात्र डब्याच्या तोंडावरच राहू दिलं. रश्मीताईंनी अंगठा खाली ओढला, बासरी दूर गेली. पूर्वीने मान हलवली. आजोबांनी बटण दाबलं, हिरवे दिवे गेले.

"आता पुन्हा तो क्षण," महर्षी म्हणाले, आणि शिळा ठेवली. "ॐ नादब्रह्माय नमः. दोन वर."

काहीच झालं नाही. बासरी होती तिथेच वाजत राहिली.

आणि तरीही हॉलभर तोच उसासा उमटला, उलट मोठा. "अहाहा," कुणीतरी म्हणालं. दत्तारामांनी तर रुमाल काढला. "मघापेक्षा जास्त. मघापेक्षा दुप्पट. तबल्याची शाई दिसतेय मला, शाई."

महर्षींचे ओठ भराभर चालले होते. आजोबा वाचत होते आणि पूर्वीला पोचवत होते. "दोन वर. रश्मी, दोन वर. अगं झोपलीस काय?"

पूर्वी माणसांतून वाट काढत पुढे आली. "दत्तारामकाका, नक्की दुप्पट?"

"पोरी, आम्ही काय बहिरे आहोत?"

"मग हे बघा." आणि महर्षींचा हात पोचायच्या आत तिने कापड वर केलं. त्यामागे ॲम्प्लिफायरचा आकडा चमकत होता. अडतीस. "पप्पा, तुम्ही सकाळी किती ठेवला होता?"

"अडतीस," दीपक म्हणाला.

"मग दगडाने काय वाढवलं?"

"नादाला आकडा नसतो," धनेशनाथ म्हणाले. "बालिके, शंका हा कानाचा मळ आहे."

पूर्वीने पुन्हा मान हलवली. आजोबांनी बटण दाबलं. आता वाय-फायचा डबा जागा व्हायला मिनिटभर घेतो, आणि ते मिनिट महर्षींनी शंका, कलियुग आणि हल्लीच्या कॉलेजांवर खर्च केलं. मधे मधे ओठांतल्या ओठांत "वाढव, वाढव" चालूच होतं, आणि घाबरलेल्या रश्मीताई मोबाइलवर दणादण अंगठा मारत होत्या. दिवे हिरवे झाले आणि तुंबलेले सगळे हुकूम एकदम सुटले.

कापड वर होतं. रिमोट तांदळावर निजला होता. आणि पन्नास माणसांच्या डोळ्यांसमोर, कुणाचाही हात न लागता, आकडा चालू लागला. एकोणचाळीस. चव्वेचाळीस. बावन्न. त्रेसष्ट. बासरीची शिट्टी झाली, तबल्याचा बुलडोझर झाला, शोकेसमधला लेमन सेट नाचायला लागला. नादशिळा थरथरत कडेला आली आणि धपकन ताटलीतल्या तांदळात पडली. खालच्या मजल्यावरून बेल वाजायला लागली. दीपकने झेप घेऊन प्लग ओढला.

त्या एकदम पडलेल्या शांततेत आजोबा स्टुलावरून उठले. साचेखात्यातल्या माणसाचा आवाज, त्याला मधली पट्टी नसते. "ॐ नादब्रह्माय नमः, दोन वर. ॐ शब्दब्रह्माय नमः, अजून एक. काच वाजायला लागली, बस, बस. रश्मी, अगं झोपलीस काय?"

धनेशनाथांचा चेहरा झब्ब्याच्या रंगाचा झाला. "यांना... यांना ऐकू येत नाही ना?"

"नाय येत," आजोबा म्हणाले. "दिसता."

आधी हसली प्रिती. मग जे हसू सुटलं ते लिफ्टपर्यंत गेलं. महर्षी तांदळातली शिळा उचलायलाही थांबले नाहीत. जाताना त्यांनी दोन चपला घातल्या, पण त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या होत्या.

हसत नव्हते ते फक्त दत्ताराम. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. "पण मला खरंच ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. मी काय खोटं बोललो?"

"नाही काका," पूर्वी म्हणाली. तिने तांदूळ झटकून रिमोट उचलला, ॲम्प्लिफायर चालू केला, आकड्यावर वही धरली आणि तीच बासरी दोनदा वाजवली. "कुठली चांगली?"

"दुसरी," सगळे म्हणाले. "गोड आहे."

वही बाजूला झाली. पहिली अडतीस, दुसरी चाळीस. "एवढाच चमत्कार. जरासाच मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. सगळ्यांनाच. म्हणून त्यांनी आकडा कापडाने झाकला आणि रिमोट ताटलीत ठेवला, म्हणजे संशय नको. आणि वाय-फाय बंद होतं तेव्हा जे ऐकू आलं, ते आपणच ऐकलं. बदल होणार म्हणून बसलो होतो, झाला."

मग स्पीकरांची पाळी आली. बोलणं ज्यातून येतं तो मधला स्पीकर प्रितीने धूळ बसू नये म्हणून शोकेसच्या काचेआड, लेमन सेटच्या शेजारी ठेवला होता. तो बाहेर काढून टीव्हीखाली, बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून ठेवला. मागचे दोन कपाटावरून पंख्याशी बोलत होते, ते खाली उतरवले. सबवूफर कोपऱ्यातून ओढला तशी त्याची गुरगुर निम्मी झाली. तरी टाळी घुमत होतीच. तेव्हा चौघांनी मिळून दिवाण आणला, वर ती जाड कापसाची गादी आणि आजोबांच्या दोन गोधड्या टाकल्या. पूर्वीने टाळी वाजवली. टाळी एक, आवाज एक. ज्या गादीला स्मशान ठरवलं होतं, ती इतके दिवस हॉलमधला जास्तीचा घुमारा पोटात घेत होती.

दीपक वडिलांच्या समोर, त्यांना ओठ दिसतील असा बसला. "बाबा, मी तुम्हाला घराबाहेर काढायला निघालो होतो. एका दगडासाठी."

"होय," आजोबा म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही, पण मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण काका," दत्ताराम अजून तिथेच होते, "कानावर विश्वास नाय, महाराजावर नाय, मग माणसाने ठेवायचा तरी कशावर?"

"ठेव की रे, कोण नको म्हणता? पण आधी तपास. झाकलेला असात ता उघड. दगड आसा की नाय ता न बघता ऐक, आणि मग सांग फरक पडलो काय. आपणाक जा होया ताच ऐकू येता, ह्या ध्यानात ठेव." आजोबांनी थोडा दम खाल्ला. "आणि कोण जर येऊन सांगूक लागलो, की घरातला माणूस हलव म्हणजे तुका सुख मिळात, तर त्याची परीक्षासुद्धा घेऊ नको. तो खोटोच असतलो."

दत्तारामांनी मान डोलावली आणि मिक्सरवरची शिळा काढायला ते खाली गेले. दीपकने विरारला फोन लावून बाबा येत नाहीत, इथेच राहणार, असं सांगितलं. सुनेत्राने कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माझं चुकलं, ताई. मी न तपासता मान हलवली."